गुडिसन पार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हरपूल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाल जर्सी येते. त्याच शहरात, लिव्हरपूलच्या मैदानापासून एक बाग ओलांडली की पलीकडे, निळ्या जर्सीवाल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबचं घर आहे: गुडिसन पार्क. एव्हर्टनचा पुरुष संघ तिथे १३३ वर्षं खेळला आणि मे २०२५ मध्ये तिथून निघाला. तेव्हापासून या मैदानाविषयीची विचारणा वाढली आहे, म्हणून ही उत्तरं एका जागी. लिहिणारा निळ्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गुडिसन पार्क नेमकं आहे कुठे?

लिव्हरपूलच्या उत्तरेला, वॉल्टन भागात. शहराच्या मध्यापासून साधारण तीन-चार किलोमीटर. एकमेकांना खेटलेल्या, दुमजली, विटांच्या घरांच्या रांगांमधून चालत जावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी एकदम निळी भिंत उभी राहते. मैदानाच्या आणि लोकांच्या दारांच्या मध्ये फक्त रस्ता. ही दाटी लक्षात ठेवा. पुढची निम्मी उत्तरं तिच्यातूनच निघतात.

एव्हर्टन आधी अ‍ॅनफिल्डवर खेळायचा म्हणतात. ते तर लिव्हरपूलचं मैदान ना?

आता आहे. पण लिव्हरपूल हा क्लब जन्माला आला तोच या भानगडीतून.

१८७८ मध्ये सेंट डॉमिंगो नावाच्या मेथडिस्ट चर्चच्या मुलांनी संघ काढला. पुढच्या वर्षी त्याचं नाव एव्हर्टन झालं. सुरुवातीला स्टॅनली पार्क या सार्वजनिक बागेत खेळ चाले. १८८४ मध्ये संघ अ‍ॅनफिल्डला आला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांत एव्हर्टन होता. १८९१ चं लीगचं विजेतेपद, म्हणजे क्लबचं पहिलंच, त्याने जिंकलं तेव्हा त्याचं घरचं मैदान अ‍ॅनफिल्ड होतं.

जागेचे मालक जॉन होल्डिंग. धंदा बिअरचा, शहराच्या राजकारणात वजन, पुढे लॉर्ड मेयरही झाले. क्लबचे अध्यक्ष तेच आणि घरमालकही तेच. १८८५ मध्ये वर्षाला १०० पौंड असलेलं भाडं १८८९-९० च्या हंगामात २५० पौंडांवर गेलं. मैदानावर पेयं विकायची ती त्यांचीच, खेळाडूंनी कपडे बदलायचे ते त्यांच्याच सँडन हॉटेलात. समितीतले बरेच जण चर्चमधून आलेले, दारूला नाकं मुरडणारे. भाड्याने ठिणगी पडली, पण लाकडं आधीच रचून ठेवलेली होती.

१८९२ मध्ये एव्हर्टनवाले सामान आवरून निघाले. होल्डिंग यांच्याकडे मैदान उरलं, संघ उरला नाही. ‘एव्हर्टन’ हे नाव तरी आपल्याकडे राहावं म्हणून त्यांनी खटपट केली. इंग्लंडमधल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने ती चालू दिली नाही. मग रिकाम्या मैदानासाठी त्यांनी नवा क्लब काढला, लिव्हरपूल एफसी. भाडेकरू गेला खरा, पण जाऊन राहिला बागेच्या पलीकडे, कायमचा शेजारी होऊन.

नवी जागा कुणी शोधली?

जॉर्ज मॅहन यांनी. सेंट डॉमिंगो चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे हे गृहस्थ होल्डिंगविरोधी गटाचे म्होरके. जानेवारी १८९२ च्या सभेत त्यांनी अ‍ॅनफिल्ड सोडायचा विषय काढला, तेव्हा कुणीतरी खालून ओरडलं की दुसरी जागा मिळणारच नाही. मॅहन म्हणाले, ती माझ्या खिशात आहे. आणि खिशातून त्यांनी जागेच्या व्यवहाराचा कागद काढला. क्लबच्या इतिहासात ही गोष्ट अशीच सांगतात, आणि मला ती तशीच आवडते.

जागा म्हणजे ‘मियर ग्रीन’ नावाचं उंचसखल माळरान. सपाटीकरण, पाण्याचा निचरा, कुंपण, सगळंच करायचं होतं आणि तिजोरीत फार काही नव्हतं. क्लबचे डॉक्टर जेम्स बॅक्स्टर यांनी १,००० पौंड बिनव्याजी दिले. जागेची किंमत ८,०९० पौंड. एकदा घरमालकाचा हिसका बसल्यावर पुन्हा कुणाच्या जागेत राहायचं नाही, हे या मंडळींनी पक्कं केलं होतं.

गुडिसन हा कुणी मोठा खेळाडू होता का?

नाही. जॉर्ज विल्यम गुडिसन हे सांडपाण्याची व्यवस्था पाहणारे इंजिनिअर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी वॉल्टनच्या स्थानिक मंडळाला गटारांबद्दल अहवाल दिला, मंडळाने रस्त्याला त्यांचं नाव दिलं, आणि रस्त्यावरून ते मैदानाला आलं. इंग्रजी फुटबॉलमधलं एक अतिशय भारदस्त नाव ड्रेनेजमधून आलेलं आहे. (पुढे १९५८ च्या प्रसंगात याच मैदानाच्या ड्रेनेजने दगा दिला. ते खाली येईलच.)

पहिला सामना कधी झाला?

मैदान उघडलं २४ ऑगस्ट १८९२ ला, फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष लॉर्ड किनेर्ड यांच्या हस्ते. बारा हजार लोक जमले आणि त्यांना फुटबॉल सोडून सगळं पाहायला मिळालं: धावण्याच्या शर्यती, गाणंबजावणं, शेवटी आतषबाजी. खरा चेंडू हलला २ सप्टेंबरला. बोल्टन वाँडरर्सविरुद्ध मैत्रीचा सामना, एव्हर्टन ४-२ ने विजयी. दुसऱ्या दिवशी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध पहिला लीग सामना, २-२ बरोबरी.

दोन वर्षांच्या आत, मार्च १८९४ मध्ये, फुटबॉल असोसिएशनच्या चषकाची, म्हणजे एफए कपची, फायनलही इथे झाली. नॉट्स काउंटीने बोल्टनला ४-१ हरवलं. दुसऱ्या श्रेणीतल्या संघाने हा चषक जिंकायची ती पहिलीच वेळ.

हे जगातलं पहिलं फुटबॉल स्टेडियम आहे का?

असे दावे जरा दमाने घ्यावेत. ग्लासगोच्या सेल्टिकनेही त्याच महिन्यात नवं मैदान उघडलं. मुद्दाम फुटबॉलसाठी उभारलेल्या इंग्लंडमधल्या पहिल्या मोठ्या मैदानांपैकी एक, एवढं बिनधास्त म्हणता येतं.

स्टँडवरची ती निळी-पांढरी फुल्याफुल्यांची जाळी काय आहे?

ती आर्चिबाल्ड लीच यांची सही समजा. ग्लासगोचे हे इंजिनिअर आधी कारखान्यांच्या इमारती आखायचे. मग फुटबॉल क्लबांनी त्यांना हेरलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत ब्रिटनमधली कितीतरी मैदानं त्यांच्या कागदावरून उभी राहिली. वरच्या मजल्याच्या कठड्याला पोलादी पट्ट्यांची फुली, तिच्या शेजारी दुसरी फुली, अशी माळ. ती शोभेसाठी लावलेली नाही. तो इमारतीचा सांगाडाच आहे, फक्त झाकलेला नाही. कारखान्यातला माणूस, लपवाछपवी कशाला करील?

गुडिसन रोडकडचा मुख्य स्टँड १९०९ चा, बुलेन्स रोडचा १९२६ चा आणि ग्लॅडिस स्ट्रीटचा १९३८ चा. त्याआधी १९०७ मध्ये पार्क एंडला, म्हणजे स्टॅनली पार्ककडच्या बाजूला, दुमजली स्टँड झालाच होता. १९३८ मध्ये चौथी बाजू पुरी झाली तेव्हा चारही बाजूंना दुमजली स्टँड असलेलं हे ब्रिटनमधलं पहिलं मैदान ठरलं. ग्लॅडिस स्ट्रीटचं काम काही काळ अडलं होतं ते एका म्हाताऱ्यामुळे, असं सांगतात. स्टँडसाठी पाडायच्या घरात तो राहत होता आणि हलायला तयार नव्हता. ज्या क्लबचा जन्मच घरमालकाशी भांडून झाला, त्याला आता एका भाडेकरूने ताटकळत ठेवलं.

मुख्य स्टँड १९७१ मध्ये नवा झाला, तीन मजली, खर्च दहा लाख पौंडांच्या घरात. लीचच्या फुल्या पाहायच्या तर बुलेन्स रोड आणि ग्लॅडिस स्ट्रीटकडे बघा.

कोपऱ्यात चर्च दिसतं. ते मैदानाच्या आत आहे का?

जवळजवळ. गुडिसन रोड आणि ग्लॅडिस स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावर सेंट ल्यूक चर्च आहे. दोन स्टँडच्या मधून ते वाकून बघतंय असं टीव्हीवरही वाटतं. एकेकाळी लोक तिकीट न काढता चर्चच्या छपरावर चढून सामना पाहायचे. रविवारच्या प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून सकाळचे सामने टाळायची रीत होती. सामन्याच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये चहा मिळे आणि वरच्या मजल्यावर एव्हर्टनच्या जुन्या वस्तू मांडलेल्या असत. त्या कोपऱ्यात स्टँड जोडता आला असता तर आणखी काही हजार जागा झाल्या असत्या. चर्च हललं नाही.

डिक्सी डीनचा विक्रम काय आहे?

एव्हर्टनच्या या आघाडीच्या खेळाडूचे एका लीग हंगामात ६० गोल. हंगाम १९२७-२८, सामने ३९. आदल्याच वर्षी जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या श्रेणीत ५९ गोल केले होते, म्हणजे गाठायचा आकडा ताजा होता. शेवटचे तीन सामने उरले तेव्हा डीनला नऊ गोल हवे होते. अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध दोन केले, बर्नलीविरुद्ध चार. ५ मे १९२८ ला गुडिसनवर आर्सेनल समोर होता आणि तीन हवे होते. तिसरा गोल हेडरने आला, सामना संपायला काही मिनिटं असताना. सामना ३-३ सुटला, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत तो आकडा आजवर कुणाला गाठता आलेला नाही.

पुढचं मात्र कादंबरीत लिहिलं तर संपादक खोडून टाकेल. १ मार्च १९८० ला डीन गुडिसनवर एव्हर्टन-लिव्हरपूल सामना बघायला आला होता. त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तिथेच तो गेला. वय ७३. मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला तो २००१ मध्ये.

कोणत्या गोष्टी इथे पहिल्यांदा झाल्या?

यादी लांब आहे, पण दोन सांगण्यासारख्या.

एक, डगआउट. बाजूरेषेजवळची ती बुटकी, छपराची बैठक. एव्हर्टनचा संघ स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनशी खेळायला गेला होता, तिथे प्रशिक्षक डोनाल्ड कोलमन यांनी केलेली अशी बैठक पाहिली, आणि १९३१ मध्ये तशीच गुडिसनवर बांधली. इंग्लंडमध्ये पहिली.

दोन, गवताखालची हीटर व्यवस्था. १९५८ मध्ये मैदानाखाली सुमारे ३२ किलोमीटर विजेची तार पुरली, हिवाळ्यात माती गोठू नये म्हणून. खर्च १६,००० पौंड. यंत्रणा चालली, अपेक्षेपेक्षा चांगली चालली. बर्फ भराभर वितळलं आणि सगळं पाणी मैदानात साचलं, कारण निचऱ्याच्या नळ्यांना एवढा लोंढा पेलवेना. १९६० मध्ये मैदान पुन्हा खणून नवे नळ टाकले. गुडिसन साहेब असते तर त्यांनी आधीच अहवाल दिला असता.

शिवाय जुलै १९१३ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे आले. राज्यावर असलेल्या राजाने लीग क्लबच्या मैदानात पाऊल टाकायची ती पहिली वेळ.

इथे फुटबॉलशिवाय काही झालं का?

ऑक्टोबर १९२४ मध्ये अमेरिकेचे न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स इथे बेसबॉल खेळून गेले. लिव्हरपूलकरांनी कौतुकाने पाहिलं आणि परत फुटबॉलकडे वळले.

सर्वांत जास्त गर्दी कधी झाली?

१८ सप्टेंबर १९४८, लिव्हरपूलविरुद्ध, ७८,२९९ प्रेक्षक, निकाल १-१. अर्थात बरेचसे उभे राहून. शेवटच्या काळात, सगळ्यांना बसायला खुर्ची सक्तीची झाल्यावर, क्षमता साडेएकोणचाळीस हजारांच्या आसपास उरली होती.

१९२० चा महिलांचा सामना खरंच एवढा मोठा होता का?

होता, आणि माझ्या मते गुडिसनच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस तोच.

२६ डिसेंबर १९२०. डिक, कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स लेडीज. डिक, कर हा प्रेस्टनमधला कारखाना. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा बनत होता आणि पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून कामावर बायका होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या अंगणात चेंडू खेळायच्या. त्यातून संघ झाला, आणि धर्मादाय कामासाठी त्या सामने खेळू लागल्या.

त्या दिवशी गुडिसनमध्ये ५३,००० लोक होते. दहा हजारांवर लोकांना दारातून परत जावं लागलं. गंमत म्हणजे डिक, करची हुकमी गोल करणारी फ्लॉरी रेडफर्ड हिची गाडी चुकली. पहिल्या अर्ध्यात एकच गोल झाला. मध्यंतरानंतर कर्णधार अ‍ॅलिस केल, जी एरवी बचावात खेळायची, ती पुढे गेली आणि तिने हॅटट्रिक केली. निकाल ४-०. तिकिटांचे ३,११५ पौंड जमले, युद्धावरून परतलेल्या बेरोजगार सैनिकांसाठी.

वर्षही पुरतं झालं नव्हतं. ५ डिसेंबर १९२१ ला फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. धर्मादाय पैशांच्या हिशेबाबद्दलही कुरकुर त्या ठरावात होती. पण ५३,००० लोक पैसे मोजून आले, ही गोष्ट कुणाच्या पोटात दुखली असेल हे ओळखायला फार डोकं लागत नाही. बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

हंगेरीने १९५३ मध्ये इंग्लंडला घरच्या मैदानावर पहिल्यांदा हरवलं, असं वाचलं आहे. मग गुडिसनचं नाव त्यात का येतं?

कारण ते पहिल्यांदा नव्हतं. २१ सप्टेंबर १९४९ ला गुडिसनवर आयर्लंडच्या प्रजासत्ताकाने इंग्लंडला २-० हरवलं. कॉन मार्टिनची पेनल्टी आणि दुसरा गोल पीटर फॅरेलचा. फॅरेल खेळायचा एव्हर्टनकडून, म्हणजे तो स्वतःच्याच घरात होता. इंग्लिश लोक हा सामना सोयीस्करपणे विसरतात, कारण त्यातले बरेच आयरिश खेळाडू इंग्लिश क्लबांतच नोकरीला होते. त्यांना ‘परदेशी’ म्हणावंसं वाटत नाही. आयर्लंडमध्ये विचारून बघा.

१९६६ च्या विश्वचषकात इथे काय घडलं?

पाच सामने, आणि एकही फिका नाही.

१२ जुलैला ब्राझीलने बल्गेरियाला २-० हरवलं. एक गोल पेलेचा, एक गारिंशाचा, दोन्ही फ्री किकवर. हे दोघं ब्राझीलच्या जर्सीत एकत्र खेळले असा हा शेवटचा सामना. दोघं सोबत असताना ब्राझील कधीच हरला नाही, आणि तो हिशेब गुडिसनवर बंद झाला.

तीन दिवसांनी हंगेरीने ब्राझीलला ३-१ नमवलं. जखमी पेले बाहेर होता. १९५४ नंतर ब्राझील विश्वचषकात पहिल्यांदाच हरत होता, आणि १९५४ मध्ये हरवणारेही हंगेरियनच. १९ जुलैला पोर्तुगालकडूनही ३-१. पेले परतला होता, पण पोर्तुगीज बचावपटूंनी त्याला इतकं तुडवलं की उरलेला सामना तो लंगडत होता. बदली खेळाडू तेव्हा नसायचे. दोन वेळचे विजेते साखळीतच गारद.

२३ जुलैचा उपउपांत्य सामना मात्र वेगळाच. उत्तर कोरियाने इटलीला हरवून इथवर मजल मारली होती. पहिल्याच मिनिटाला त्यांचा गोल. पंचविसाव्या मिनिटाला ३-०. लोकांना काय चाललंय कळेना. लिव्हरपूलचं पब्लिक तर कोरियाच्या बाजूने ओरडू लागलं होतं. मग समोरच्या पोर्तुगालचा युसेबिओ. सत्ताविसाव्या मिनिटाला एक, मध्यंतराआधी पेनल्टी, नंतर आणखी दोन. गोल झाला की तो जाळ्यातून चेंडू स्वतः उचलून मध्यरेषेकडे पळायचा, आनंद साजरा करायला वेळच नव्हता. अखेर पोर्तुगाल ५-३, त्यातले चार युसेबिओचे.

२५ जुलैला उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाला २-१ हरवलं. सोव्हिएत गोलपोस्टमध्ये लेव्ह याशिन, पलीकडे जर्मनीचा वीस वर्षांचा बेकनबाउअर. तरी स्थानिकांचा राग होताच. इंग्लंडचा उपांत्य सामना गुडिसनवर होईल अशी त्यांची समजूत होती आणि तो वेम्बलीला गेला. जुन्या एव्हर्टनवाल्यांकडे हा विषय काढू नये.

या विश्वचषकासाठी पार्क एंडमागची काही घरं क्लबने विकत घेऊन पाडली, आत यायला वाट मोठी व्हावी म्हणून. मैदानाला हातपाय पसरायला मिळाले ते असे थोडेथोडेच.

एव्हर्टनवाल्यांच्या मते सर्वोत्तम रात्र कोणती?

२४ एप्रिल १९८५, बायर्न म्युनिच. कप विनर्स कपच्या, म्हणजे देशोदेशींच्या चषकविजेत्या क्लबांच्या युरोपीय स्पर्धेच्या, उपांत्य फेरीचा दुसरा सामना. म्युनिचमध्ये ०-० झाला होता. मध्यंतराला बायर्न एका गोलने पुढे. प्रशिक्षक हॉवर्ड केंडल यांनी खेळाडूंना फार काही सांगितलं नाही म्हणतात. दुसऱ्या अर्ध्यात ग्लॅडिस स्ट्रीटच्या दिशेने खेळायचंय, ती गर्दीच चेंडू आत ओढून घेईल, एवढंच. शार्प, ग्रे, स्टीव्हन, तीन गोल, ३-१. रॉटरडॅमच्या फायनलमध्ये रॅपिड व्हिएन्नालाही ३-१. त्या वर्षी लीगही जिंकली. पण लगेच ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या फायनलवेळी प्रेक्षक चेंगरून मेले, इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी आली, आणि तो संघ लीगविजेत्यांचा युरोपियन कप खेळू शकलाच नाही. ही सल अजून आहे.

आणि सर्वांत वाईट?

तशा पुष्कळ आहेत. पण या मैदानाची खासियत म्हणजे अगदी कड्यावरून परत येणं. ७ मे १९९४ ला विम्बल्डनविरुद्ध ०-२ मागे असताना ३-२ जिंकून श्रेणी वाचवली (लीगच्या तळाला राहिलेले संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात). १९९८ मध्ये कोव्हेंट्रीशी १-१, गोलफरकावर निभावलं. २०२२ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पुन्हा ०-२ वरून ३-२, आणि २०२३ मध्ये शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध दूकुरेचा एकच गोल. १९५४ पासून एव्हर्टन सर्वोच्च श्रेणीबाहेर गेलेला नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये सर्वोच्च श्रेणीचे सर्वाधिक सामने याच मैदानावर झाले.

टॉफीचं काय प्रकरण आहे?

एव्हर्टन भागात जुन्या काळापासून टॉफीची दुकानं प्रसिद्ध. त्यावरून संघाचं टोपणनाव ‘टॉफीज’. सामन्याआधी जुन्या पद्धतीचा पोशाख घातलेली एक मुलगी मैदानाला फेरी मारून प्रेक्षकांत गोळ्या फेकते. लहान मुलांपेक्षा मोठेच जास्त उड्या मारतात.

एवढं सगळं होतं तर सोडलं का?

जागा नव्हती. तीन बाजूंना घरं, एका कोपऱ्यात चर्च. लाकडी खुर्च्या, छपराला आधार देणारे खांब, आणि खांबामागे बसलेल्याला गोलच्या वेळी शेजाऱ्याला ‘काय झालं?’ विचारावं लागे. श्रीमंत पाहुण्यांसाठी महागड्या बैठका बांधायच्या तर त्या कुठे? आज क्लबची कमाई त्यावर चालते.

स्थलांतराचे बेत वीस-बावीस वर्षं शिजत होते. किंग्ज डॉक या गोदीचा बेत २००३ मध्ये पैशांअभावी बारगळला. शहराबाहेर कर्कबीला जायची योजना २००९ मध्ये सरकारने फेटाळली; निम्म्या चाहत्यांनी त्या दिवशी सुटकेचा श्वास सोडला असावा. वॉल्टन हॉल पार्कचा बेतही रद्द झाला. शेवटी मर्सी नदीकाठचा ब्रॅमली-मूर डॉक. ऑगस्ट २०२१ मध्ये काम सुरू झालं, गोदीतलं पाणी हटवून समुद्रतळाची वाळू भरली आणि त्यावर ५२,७६९ क्षमतेचं स्टेडियम उभं राहिलं. काम सुरू होण्याच्या आदल्याच महिन्यात युनेस्कोने लिव्हरपूलचा जागतिक वारसा दर्जा काढून घेतला, आणि कारणांत या स्टेडियमचाही उल्लेख होता. फुकट काहीच मिळत नाही.

शेवटचा सामना कोणता?

पुरुष संघाचा, १८ मे २०२५, साउथॅम्प्टनविरुद्ध, २-०. दोन्ही गोल सेनेगलच्या इलिमान एनजायेचे. त्याआधी १२ फेब्रुवारीला लिव्हरपूलविरुद्ध गुडिसनवरची शेवटची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांची लढत, झाली. अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीने बरोबरीचा गोल मारला, २-२. त्यानंतर धक्काबुक्की, लाल कार्डं, सगळं यथासांग.

नव्या घरातला पहिला लीग सामना २४ ऑगस्ट २०२५ ला ब्रायटनविरुद्ध झाला. गुडिसन उघडलं तीच तारीख, १३३ वर्षांनी. तिथला पहिला गोलही एनजायेचाच.

चाहत्यांच्या अस्थी मैदानात पुरल्या आहेत हे खरं आहे?

खरं आहे. आठशेहून जास्त लोकांच्या. मैदानाच्या कडेच्या पट्टीत त्या ठेवत गेले आणि २००४ मध्ये क्लबला नवीन विनंत्या बंद कराव्या लागल्या, कारण तिथेही जागा संपली होती. मैदान पाडून घरं वगैरे बांधायचा जुना बेत होता, तेव्हा या कुटुंबांचा जीव टांगणीला लागला होता.

मग आता पाडणार का?

नाही. मे २०२५ मध्ये, शेवटच्या सामन्याच्या काही दिवस आधी, क्लबने जाहीर केलं की गुडिसन पार्क एव्हर्टनच्या महिला संघाचं घर होईल. २०२५-२६ च्या हंगामापासून त्या तिथे खेळतात. फक्त महिलांच्या फुटबॉलसाठी असलेलं ब्रिटनमधलं हे सर्वांत मोठं स्टेडियम आहे. फ्लॉरी रेडफर्डची गाडी चुकली ते हेच मैदान.

भारतातून गेलो तर बघता येईल का? तिकीट कुठलं घ्यावं?

महिला संघाच्या सामन्याचं तिकीट काढा. पुरुषांच्या सामन्याच्या तुलनेत ते सहज आणि स्वस्तात मिळतं. लोकलने कर्कडेल स्थानकावर उतरून चालत जा, म्हणजे ती घरांमधली निळी भिंत दिसेल. थोडं लवकर जाऊन चर्चच्या कोपऱ्यावर फिरा. पार्क एंडचा स्टँड खुला असेल तर तिथे बसा: तो १९९४ चा, एकमजली, मध्ये खांब नाहीत आणि समोर लीचच्या फुल्या दिसतात. बुलेन्स रोडला बसायचंच असेल तर जरूर बसा, फक्त शेजारी बोलका निवडा. खांबामागचं काय घडलं ते त्यालाच विचारावं लागेल.